कॉलेजमध्ये इव्हेंट करताय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्टेज. इव्हेंट ठरला की पहिली मीटिंग बॅनर, प्रमुख पाहुणे आणि सत्काराच्या शाली यावरच संपते, पोरं मजेसाठी येणार की टाळ्या वाजवायला हे कोणी विचारतच नाही. मग पाहुणे तासभर उशिरा येतात, त्यानंतर दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, चार भाषणं, आणि मागच्या रांगा हळूच कॅन्टीनला. उपाय साधा आहे, पाहुण्यांची वाट न बघता सुरू करा आणि भाषणं शेवटी ठेवा (लांबली तरी कोणाचं अडत नाही). येणाऱ्याच्या हाताला पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी काम द्या, चित्र, कोडं, भेळ बनवायची स्पर्धा, काहीही चालेल. लाजरी पोरं आपोआप बोलायला लागतात, आणि खरं तर आनंद म्हणतात तो तिथेच असतो, डीजेत नाही.

डीजेवरून आठवलं, उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसं स्पष्ट आहे. पोलीस परवानगीचा अर्ज आदल्या दिवशी घेऊन धावू नका.

तारीख. होळीनंतरची रंगपंचमी सोडून द्या राव, धुळवडीला बाकी महाराष्ट्र रंगतो पण आपल्याकडे नाशिकला खरा रंग पंचमीला, जुन्या नाशकात रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने दगडी हौद) उघडल्या की तुमच्या वर्कशॉपला कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. इनसेम-एंडसेम परीक्षांच्या आधीचा आठवडाही नको. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानावर मांडव टाकायचा विचार असेल तर आधीच एखादा हॉल धरून ठेवा. आणि कॉलेज शहराबाहेर आडगाव किंवा महिरावणीच्या बाजूला असेल तर सिटीलिंकच्या (नाशिकची सिटी बस) शेवटच्या बसची वेळ आधी बघा, कार्यक्रम त्याच्या अर्धा तास आधी संपवा, नाहीतर होस्टेलवाले सोडले तर शेवटाला कोणीच उरत नाही, आणि मुलींच्या घरून फोन सुरू होतात ते वेगळंच.

इनोव्हेशनच्या नावाखाली होतं ते तर भयंकर. हॅकेथॉन (ठरलेल्या वेळात टीमने प्रश्नावर उपाय बनवायची स्पर्धा) ठेवतात आणि विषय देतात 'स्मार्ट सिटी' किंवा 'शेतकऱ्यांसाठी ॲप', मग वीस टीम त्याच चॅटबॉटचे वीस पीपीटी आणतात. विषय इतका छोटा द्या की कोणीतरी उठून जागेवर जाऊन बघून येईल. लासलगावच्या बाजारात कांद्याची गाडी लिलावाला किती वेळ थांबते, बुधवारच्या बाजारानंतर गोदाघाटावर कचरा कुठे साचतो, असले. २०१५ च्या सिंहस्थाआधी नाशकात कुंभथॉन, म्हणजे कुंभमेळ्याच्या प्रश्नांवरचा हॅकेथॉन, झाला होता, एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, मूळ नाशिकचेच, त्यात पुढे होते, आणि त्यातून निघालेल्या एका प्रयोगात पायाखाली मॅट टाकून किती माणसं गेली ते मोजत होते. प्रश्न नेमका होता, गर्दी किती आणि कुठे, म्हणून उत्तर हाताला लागलं. आता २०२६-२७ चा सिंहस्थ आहे, विषय शोधायला लांब जायची गरजच नाही. जज म्हणून फक्त प्राध्यापक नको, ज्याचा प्रश्न आहे तो माणूसही बसवा, अडत्या, रिक्षावाला, घाटावरचा फुलवाला. त्याने 'हे काय कामाचं?' असं विचारलं की निम्मे पीपीटी तिथेच गळतात.

गर्दीच आली नाही तर? खुर्च्या उचला, गोल करा आणि आहेत त्यांच्यासोबत सुरू करा, रिकाम्या हॉलमध्ये माइकवरून 'पुढे येऊन बसा' ओरडत राहिलात तर आलेलेही जातात. उलट सक्तीने अटेंडन्स लावून वर्ग भरून आणायचा मोह होतो, तो मात्र टाळा, कारण अशी पोरं पुढच्या वर्षी स्वतःहून कधीच येत नाहीत.

स्पॉन्सर मिळाला म्हणून त्याच्या स्टॉलला दारातच जागा देऊ नका, आणि पैशाचा हिशोब त्याच रात्री एका शीटवर टाका, दोघांनी बघितलेला. प्रोजेक्टरची वायर, जास्तीचे माइकचे सेल आणि एक एक्स्टेंशन बोर्ड आदल्या संध्याकाळी स्वतः लावून बघा, साउंडवाल्याच्या 'होऊन जाईल भाऊ'वर थांबू नका.