अल्पाकाच्या गुणसूत्रांवर मार्कर बसवताना या चुका टाळा

जगातले बहुसंख्य अल्पाका (उंटाच्या कुळातले लोकरीचे प्राणी) पेरूमध्ये, अँडीज पर्वतात ३,५०० ते ५,००० मीटर उंचीवर पाळले जातात. त्यांच्या लोकरीची तलमता, तिचा रंग किंवा जनावर सुरी जातीचे की वाकाया जातीचे हे ठरवणारी जनुके शोधायची असतील, तर आधी गुणसूत्रांवर मार्करांचा, म्हणजे डीएनएतील ओळखता येणाऱ्या ठराविक खुणांचा, भरवशाचा नकाशा हवा. हे काम फसते तेव्हा दोष सहसा आकडेमोडीत शोधला जातो. माझ्या मते तो बहुतेक वेळा त्याच्या बराच आधी, ओळख पटवण्यात असतो. नमुना कोणाचा, गुणसूत्र कोणते, पिल्लाचा बाप कोण आणि मार्करची जागा जनुकसंहितेच्या कोणत्या आवृत्तीतली, या चार प्रश्नांपैकी एकाचे उत्तर गृहीत धरलेले असते.

पहिली चूक रक्त घेतानाच होते. गुणसूत्रे पाहण्यासाठी पांढऱ्या पेशी जिवंत ठेवून वाढवाव्या लागतात, म्हणून ते रक्त हिरव्या झाकणाच्या, सोडियम हेपॅरिनच्या नळीत घ्यावे. डीएनए काढण्यासाठी मात्र जांभळ्या झाकणाची ईडीटीएची नळी वापरावी, कारण हेपॅरिन पीसीआरमध्ये (डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीत) अडथळा आणते. एकाच नळीत दोन्ही कामे उरकण्याचा मोह टाळावा. कळपापासून प्रयोगशाळेपर्यंतचा प्रवास लांबचा असतो, आणि पेशी वाढवण्यासाठीचे रक्त वाटेत थंडीने गोठले तर पेशी मरतात. पुढे कितीही उत्तम माध्यम वापरले तरी त्या विभागत नाहीत.

सर्वांत जास्त घोळ गुणसूत्र ओळखण्यात होतो, आणि तो समजण्यासारखाही आहे. अल्पाकाच्या पेशीत ७४ गुणसूत्रे असतात, म्हणजे ३६ जोड्या आणि त्यावर एक्स व वाय. यांपैकी अनेक जोड्या आकाराने एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की केवळ लांबी आणि जी-बँडिंगचे (रंग देऊन उमटवलेले आडवे) पट्टे पाहून क्रमांक देणारी दोन अनुभवी माणसेही वेगवेगळी उत्तरे देऊ शकतात. त्यातच पेशीविभाजन मध्येच थांबवणारे कोल्चिसिनसारखे द्रव्य जास्त वेळ राहिले, तर गुणसूत्रे आखूड होतात, शेजारचे पट्टे एकमेकांत मिसळतात आणि स्लाइडवर छोट्या जाड काड्यांखेरीज काही उरत नाही. अशा स्लाइडवर फिश तंत्राने, म्हणजे चमकणारा डीएनएचा तुकडा (प्रोब) गुणसूत्रावर चिकटवून, मार्करचा ठिपका स्पष्ट दिसला तरी तो कोणत्या गुणसूत्रावर आहे हे सांगता येत नाही. उपाय असा की नव्या मार्करसोबत जागा आधीच निश्चित असलेला दुसरा मार्कर वेगळ्या रंगात त्याच स्लाइडवर लावावा आणि दोन्ही ठिपके एकाच गुणसूत्रावर अनेक पेशींत दिसल्याशिवाय क्रमांक लिहू नये. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अल्पाकाच्या सर्वंकष गुणसूत्र-नकाशात २३० मार्कर आहेत, त्यामुळे असा सोबती मार्कर निवडणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही.

छत्तिसाव्या जोडीबाबत विशेष सावध राहावे. वांझ माद्यांमध्ये या जोडीतले एक गुणसूत्र असाधारण लहान आढळल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे ठिपक्याएवढे गुणसूत्र दिसताच निदान करून टाकण्याची घाई होते. परंतु निरोगी जनावरातही ही जोडी लहानच असते, म्हणून एका पेशीवर विसंबू नये.

ठिपका एका जागी न दिसता सगळ्याच गुणसूत्रांवर धूसर चमक दिसत असेल, तर प्रोबमधील पुनरावृत्त क्रम झाकले गेलेले नाहीत असे समजावे. त्यासाठी माणसाचा कॉट डीएनए (असे क्रम झाकण्यासाठी मिसळला जाणारा, पुनरावृत्त क्रमांचा डीएनए) पुरेसा पडत नाही; अल्पाकाचाच बारीक तुकडे केलेला डीएनए मिसळावा.

कुटुंबांवरून सहलग्नता (कोणते मार्कर पिढीतून पिढीत एकत्र जातात ते) काढणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. अल्पाकाची मादी साधारण साडेअकरा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच पिल्लू देते, त्यामुळे एकाच नराच्या अनेक माद्यांपासून झालेल्या सावत्र भावंडांवर भर द्यावा लागतो. एका कुंपणात दोन नर असतील, तर वहीत लिहिलेला बाप खरा असेलच असे नाही. चुकीचा बाप धरला की नसलेली पुनःसंयोजने (जोडीतल्या गुणसूत्रांमधील तुकड्यांची अदलाबदल) दिसू लागतात आणि अंतर त्यांवरूनच मोजत असल्याने नकाशा विनाकारण लांबतो. म्हणून आधी पितृत्वाची तपासणी करावी.

ही तपासणीही फसवू शकते. समजा, नराच्या एका मायक्रोसॅटेलाइटवर (तीच थोडी अक्षरे पुन्हा पुन्हा येणाऱ्या मार्करवर) फक्त १५० अक्षरे लांबीचा तुकडा दिसतो आणि पिल्लात फक्त १५४ लांबीचा. हा बाप नव्हे, असे वाटेल. पण त्या मार्करचा प्रायमर (पीसीआर सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) मुळात लामासाठी तयार केलेला असेल आणि अल्पाकात प्रायमर चिकटण्याच्या जागी एखादे अक्षर बदललेले असेल, तर दोघांचा समाईक तुकडा वाढतच नाही. बाकी सर्व मार्कर जुळत असतील आणि हा एकच विसंगत असेल, तर नराला बाद न करता मार्कर बाद करावा किंवा प्रायमर नव्याने आखावा. सगळेच नर एकसारखे समयुग्मी (एकाच लांबीचा तुकडा असलेले) दिसत असतील, तर मार्कर एक्स गुणसूत्रावर तर नाही ना, हेही पाहावे.

विकिरण-संकरित पेशींचा (रेडिएशन हायब्रिड) संच वापरताना किरणांच्या माऱ्याने तोडलेले अल्पाकाच्या गुणसूत्रांचे तुकडे हॅमस्टरच्या पेशींत असतात. त्यामुळे प्रत्येक प्रायमर आधी निव्वळ हॅमस्टरच्या डीएनएवर चालवून पाहावा आणि तिथेही त्याच आकाराचा पट्टा आला तर तो सोडून द्यावा. प्रत्येक चाचणी दोनदा करावी; दोन निकाल जुळत नसतील तर ती नोंद अनिश्चितच ठेवावी, बहुमताने भरून काढू नये.

माणसाच्या किंवा गाईच्या नकाशावरून जागेचा अंदाज बांधता येतो, कारण मोठमोठे खंड टिकून आहेत. मात्र खंडाच्या आतला क्रम उलटलेला असू शकतो. उंटांच्या कुळातील सर्वच प्राण्यांची गुणसूत्रे ७४ आहेत आणि त्यांची रचना फार मिळतीजुळती आहे, म्हणून त्या कुळातल्या प्राण्याच्या नकाशावरून घेतलेला अंदाज अधिक भरवशाचा ठरतो. बीकानेरच्या उंटांवर काम करणाऱ्यांना अल्पाकाचा नकाशा उपयोगी पडतो तो याचमुळे.

शेवटची चूक कागदावरची आहे. अल्पाकाची संदर्भ जनुकसंहिता (तुलनेसाठी प्रमाण धरलेला संपूर्ण डीएनए-क्रम) अनेकदा सुधारली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली विकपॅक ३.१ ही त्यातलीच एक आवृत्ती, आणि तिच्यातलाही प्रत्येक तुकडा गुणसूत्रावर बसवलेला नाही. आवृत्ती न लिहिता केवळ जागेचा आकडा नोंदवला, तर तोच आकडा पुढच्या आवृत्तीत भलत्याच ठिकाणी जातो. म्हणून मार्करच्या नोंदीत आवृत्तीचे नाव, प्रायमरचा पूर्ण क्रम आणि दोन्ही बाजूंची किमान शंभरेक अक्षरे ठेवावीत, म्हणजे नवी आवृत्ती आल्यावर तो मार्कर पुन्हा शोधून बसवता येतो.