एनमॅप वारंवार बंद पडत असेल तर

एनमॅप (नेटवर्कवरील यंत्रे आणि त्यांचे उघडे पोर्ट शोधणारा प्रोग्राम) नेटवर्क तपासताना मध्येच बंद पडले की बहुतेक जण ते काढून पुन्हा बसवतात. निदान सुरुवातीला तरी ते टाळावे, कारण त्यात वेळ जातो आणि मूळ दोष बहुधा जागच्या जागी राहतो. प्रोग्राम खरोखर बंद पडला की नुसता अडकून राहिला, हे आधी ठरवावे. स्कॅन चालू असताना एंटर दाबल्यावर किती टक्के काम झाले ते पडद्यावर उमटले, तर एनमॅप चालू आहे आणि फायरवॉलमागच्या, उत्तर न देणाऱ्या यंत्रांची वाट पाहत आहे, असे समजावे. (खाली देवनागरीत दिलेले पर्याय रोमन लिपीत टाइप करावेत.)

खरोखरच बंद पडत असेल, तर यंत्राने केलेली नोंद वाचावी. विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरमधील ॲप्लिकेशन लॉगमध्ये १००० क्रमांकाची नोंद शोधावी. तिथे कोणत्या मॉड्यूलमध्ये बिघाड झाला त्याचे नाव असते. ते ‘डब्ल्यूपीकॅप’ किंवा ‘पॅकेट’ या डीएलएलचे (प्रोग्राम वापरतो त्या कोडच्या फाइलचे) असेल, तर संशय पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, पकडणाऱ्या ड्रायव्हरवर घ्यावा. विंडोजवर एनमॅप या कामासाठी एनपीकॅपवर अवलंबून असते, आणि जुन्या यंत्रांवर अनेकदा विनपीकॅपही शिल्लक असते, ज्याची शेवटची आवृत्ती २०१३ मध्ये आली. दोन्ही काढून, यंत्र पुन्हा सुरू करून, फक्त नवे एनपीकॅप बसवावे आणि ‘--आयएफलिस्ट’ (--iflist) देऊन नेटवर्क कार्डे नीट दिसतात का ते पाहावे. व्हीपीएन चालू असेल तर ते बंद करून हीच चाचणी पुन्हा करावी.

ड्रायव्हरचा दोष पक्का करण्याचा एक सोपा मार्ग आहे. तेच स्कॅन ‘-एसटी’ (-sT) आणि ‘--अनप्रिव्हिलेज्ड’ (--unprivileged) या पर्यायांसह चालवावे. त्यात एनमॅप स्वतः पॅकेट न घडवता कार्यप्रणालीची नेहमीची जोडणी वापरते, त्यामुळे हे स्कॅन शेवटपर्यंत गेले तर दोष पॅकेट पाठवण्या-पकडण्याच्या वाटेवर आहे, असा निष्कर्ष बऱ्याच खात्रीने काढता येतो.

लिनक्सवर टर्मिनलमधील शेवटचा शब्द पुरेसे सांगून जातो. ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ आला तर प्रोग्रामच्या किंवा लायब्ररीच्या आत चूक आहे. नुसते ‘किल्ड’ दिसले तर मेमरी संपल्यामुळे कर्नलने (कार्यप्रणालीच्या गाभ्याने) तो मारला असण्याची शक्यता मोठी, आणि ‘डीमेसेग’ (dmesg) आज्ञेत त्याची ओळ सापडते. फोर्टमधील एका लहान कार्यालयात, ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मी अर्धा दिवस याच कोड्यात घालवला. चूक माझीच होती: पत्त्यांच्या शेवटी ‘/२४’ ऐवजी ‘/१६’ लिहिले गेले होते, म्हणजे २५६ ऐवजी ६५,५३६ पत्ते, आणि प्रत्येकावर सर्व ६५,५३५ पोर्ट तपासायचे, सुमारे ४२९ कोटी तपासण्या! आकडा खरोखर मोठाच असेल तर काम लहान तुकड्यांत करावे, ‘--मॅक्स-होस्टग्रुप’ (--max-hostgroup, एका वेळी तपासायच्या यंत्रांची संख्या) कमी ठेवावा आणि झेनमॅपच्या, म्हणजे एनमॅपच्या चित्ररूप आवृत्तीच्या, खिडकीऐवजी टर्मिनलवरून चालवावे.

ड्रायव्हर आणि मेमरी निर्दोष ठरल्यावर स्क्रिप्टकडे वळावे. आधी ‘-एससी’ (-sC, स्क्रिप्ट चालवणे) आणि ‘-एसव्ही’ (-sV, सेवांची आवृत्ती ओळखणे) वगळून स्कॅन करावे. ते पुरे झाले तर दोन्ही पर्याय एकेक करून ‘-डी’सह (लहान लिपीतील -d, अधिक तपशील दाखवणारा पर्याय) परत आणावेत आणि बंद पडण्याच्या लगेच आधी कोणत्या यंत्राचे व कोणत्या स्क्रिप्टचे नाव आले ते टिपावे. बाहेरून उतरवलेली स्क्रिप्ट असेल तर माझा पहिला संशय तिच्यावरच असतो. ज्याची तपासणी करायची ते यंत्र आणि त्यामागचे नेटवर्क आपल्या ताब्यातले नसेल, तर लेखी परवानगीशिवाय यातले काहीही करू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३ मध्ये विनापरवानगी प्रवेशाबद्दल भरपाईची तरतूद आहे.

मोठ्या स्कॅनला ‘-ओए’ (-oA, निकाल फाइलींत साठवणारा पर्याय) जोडण्याची सवय ठेवावी, म्हणजे बंद पडलेले काम ‘--रिझ्यूम’ने (--resume) पुढे नेता येते. त्या वेळी पर्याय मात्र बदलता येत नाहीत, म्हणून कारण दूर न करता पुढे नेल्यास ते त्याच जागी पुन्हा पडू शकते. एवढे करूनही दोष उरला, तर सर्वांत लहान अशी आज्ञा शोधावी जी प्रत्येक वेळी प्रोग्राम पाडते, आणि ती एनमॅपच्या आवृत्तीसह विकसकांना कळवावी. मात्र पाठवण्याआधी त्यातले कार्यालयाचे आयपी पत्ते बदलून घ्यावेत.