कमाल ताकदीसाठी मोजके व्यायाम कसे निवडावेत

एखाद्या व्यायामात शरीराची ठेवण न बिघडवता एकदाच जास्तीत जास्त जेवढे वजन उचलता येते, तेवढी त्या व्यायामातली आपली कमाल ताकद होय. दमसास ही वेगळी गोष्ट आहे. तालमीत शेकडो जोर-बैठका मारणाऱ्या पैलवानाची चिकाटी थक्क करणारी असते. परंतु केवळ संख्या वाढवत नेल्याने एका टप्प्यानंतर मुख्यतः दमच वाढतो. कमाल ताकदीसाठी असे वजन लागते, ज्याची सलग पाचच्या आसपासच आवर्तने (म्हणजे एकामागून एक उचली) होऊ शकतात, आणि व्यायामांची निवड याच गरजेतून करावी लागते.

पहिली कसोटी अशी की, त्या व्यायामातला भार वर्षानुवर्षे थोडा थोडा वाढवता आला पाहिजे. 20 किलोच्या बारच्या दोन्ही टोकांना 1.25 किलोची एकेक प्लेट लावली की 2.5 किलोची वाढ होते आणि 80 किलोवर बैठक मारणाऱ्याला ती सहज पेलते. याउलट, हात बाजूला उचलण्याच्या व्यायामात 5 किलोच्या डंबेलवरून 7.5 किलोवर जाणे म्हणजे एकदम निम्मी वाढ. तिथे प्रगती अडते. दुसरी कसोटी ही की, अनेक सांधे आणि मोठे स्नायू एकत्र कामाला लागावेत. तिसरी कसोटी बहुतेक जण विसरतात: उचल थांबावी ती ताकद संपल्यामुळे, तोल गेल्यामुळे नव्हे. डळमळत्या चेंडूवर उभे राहून केलेला व्यायाम अवघड जरूर असतो, पण त्यात जड वजन घेताच येत नाही.

या कसोट्यांवर स्क्वाट (खांद्यांवर बारबेल घेऊन मारलेली बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून ताठ उभे राहणे) आणि बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून बार छातीवरून वर ढकलणे) हे तीन व्यायाम निर्विवाद उतरतात. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धाही याच तिघांच्या होतात. त्यांत उभ्याने डोक्यावर बार ढकलण्याचा प्रेस आणि कमरेला वजन बांधून केलेले चिन-अप्स (आडव्या दांडीला लटकून हनुवटी दांडीवर नेणे) यांची भर घालावी, असे माझे ठाम मत आहे, कारण बेंच प्रेसमध्ये फक्त ढकलणे होते आणि पाठीच्या वरच्या भागाला ओढण्याचे जड काम मिळत नाही. यादी इथेच थांबवावी.

ती एवढी आखूड ठेवण्यामागे कारण आहे. सुरुवातीच्या काळात ताकद वाढते ती बरीचशी मज्जासंस्थेमुळे: अधिक स्नायुतंतू एकाच वेळी कामाला लावायला ती शिकते, आणि हे शिकणे त्या-त्या हालचालीपुरतेच पक्के होते. दर पंधरवड्याला व्यायाम बदलणारा माणूस म्हणूनच पुन्हा पुन्हा पहिल्या धड्यावर येतो. निवडलेले व्यायाम निदान काही महिने तरी तेच ठेवावेत.

आठवड्यातून तीन दिवस पुरेत. प्रत्येक व्यायामाचे तीन ते पाच सेट (सलग आवर्तनांचा एक गट म्हणजे एक सेट), सेटमध्ये तीन ते पाच आवर्तने आणि दोन सेटमध्ये तीन ते पाच मिनिटांची विश्रांती घ्यावी. ही विश्रांती आळस समजून कापू नये. डेडलिफ्टचा थकवा उतरायला वेळ लागतो, म्हणून जड डेडलिफ्ट आठवड्यातून एकदाच करावी. नवख्याने कमाल वजन प्रत्यक्ष उचलून पाहण्याची गरज नाही: 60 किलोची पाच आवर्तने जेमतेम होत असतील, तर त्याची कमाल ताकद 70 किलोच्या आसपास आहे असे धरावे. रॅकच्या (बार ठेवण्याच्या लोखंडी चौकटीच्या) आडव्या सुरक्षा-दांड्या लावल्याशिवाय जड स्क्वाट आणि सोबती नसताना जड बेंच प्रेस करू नये. जड उचलीत श्वास रोखला जातो आणि रक्तदाब बराच चढतो, तेव्हा ज्यांना त्याचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

एखादी हालचाल शरीराला जुळत नसेल, तर ती टाकून देण्याआधी तिचे जवळचे रूप शोधावे. घोटा ताठ असल्याने खोल बसता येत नसेल, तर टाचेखाली पातळ प्लेट ठेवावी किंवा टाच उंच असलेले बूट वापरावेत. जमिनीवरून बार उचलताना कंबर गोल होत असेल, तर तो ठोकळ्यांवर ठेवून नडगीच्या मध्यावरून उचलावा आणि पाठ सरळ राहू लागेल तसतशी ठोकळ्यांची उंची कमी करत न्यावी.