उन्हावरचा वरण-भात: पेटीचा सोलर कुकर वापरायचा कसा

सोलर कुकर माळ्यावर जातो तो साधारण तिसऱ्या आठवड्यात. साडेबाराला भूक लागली की कोणीतरी घाईघाईने डबे आत ठेवतं, दोन वाजता डाळ टणक निघते आणि "यात काही शिजत नाही" असा निकाल लागतो. चूक उन्हाची नसते, वेळेची असते. दुपारच्या जेवणाचं सकाळच्या चहाबरोबर ठरवून टाकायचं, एवढी सवय लावून घ्या. बाकीचं आठवड्याभरात हातात बसतं.

हा लेख पेटीच्या कुकरबद्दल आहे. मोठ्या गोल तबकडीची सौरचूल वेगळी. ती ऊन एका बिंदूवर आणते, तिच्यावर फोडणीसुद्धा होते, पण सतत सूर्याकडे वळवत राहावी लागते आणि डोळ्यांना जपावं लागतं. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली ७३ तबकड्या बसवल्या, त्या तर उन्हाने पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर भक्तांचा स्वयंपाक होतो. घरच्या चौघांना पेटी पुरते.

पेटीची रचना साधी. आत काळं केलेलं पत्र्याचं ताट, भोवती उष्णता धरून ठेवणारी काचलोकर, वर दुहेरी काचेचं झाकण आणि झाकणाला बिजागरीने जोडलेला आरसा. ऊन काचेतून आत शिरतं, काळ्या पत्र्यावर त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता काचेतून सहजी बाहेर पडत नाही. काचा बंद करून उन्हात उभ्या ठेवलेल्या गाडीत बसलं की हेच कळतं. जिनिव्हाच्या द सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७६७ साली काचेच्या अशाच पेट्या करून उन्हाची उष्णता मोजायला सुरुवात केली होती.

नवी पेटी आणली की पहिले एक-दोन दिवस ती रिकामीच उन्हात तापवा. रंगाचा वास निघून जातो.

जागा निवडताना सकाळी दहा ते दुपारी तीन सावली येणार नाही, एवढं बघायचं. पाण्याच्या टाकीची, डिश अँटेनाची, शेजारच्या नारळाची सावली कुठे कुठे फिरते ते एक दिवस नीट पाहून घ्या. आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीने किती वेळा वरणाचा घात केलाय!

साडेनऊ-दहाला पेटी बाहेर काढून, काच कोरड्या फडक्याने पुसून, रिकामीच उन्हाला लावा. तोवर तांदूळ धुवा, डाळ भिजत घाला. अर्ध्या-पाऊण तासाने पेटी तापली की डबे आत. काच तापल्यावर मात्र तिला ओलं फडकं लावू नका. माझी पहिली काच अशीच गेली: एप्रिलची दुपार, काचेवर धूळ दिसली, म्हणून हौसेने ओला हात फिरवला, आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला.

आता आरसा. इथेच बहुतेकांचं चुकतं. पेटीचं तोंड सूर्याकडे करा, म्हणजे तिची सावली सरळ मागे पडली पाहिजे. मग आरसा हळूहळू पुढे-मागे करा आणि काचेवर पडणाऱ्या कवडशाकडे बघा. उजेडाचा तो चौकोन अख्ख्या काचेवर पसरला की आरसा तिथेच पक्का करा. डिसेंबरात पुण्याला भरदुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, तेव्हा आरसा जवळपास उभा राहतो. मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा तो बराच मागे कलवावा लागतो. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून घरात असाल तर पाऊण-एक तासाने पेटी थोडी फिरवा. कामावर जाणार असाल तर निघताना तिचं तोंड साडेबारा-एकच्या सूर्याकडे, म्हणजे थेट दक्षिणेला करून ठेवा. वेळ थोडा जास्त लागेल, पण शिजेल.

डबे पातळ पत्र्याचे, बाहेरून काळे आणि घट्ट झाकणाचे हवेत. चकचकीत स्टीलचा डबा ऊन परत फेकतो. पदार्थाचा थर दोन इंचांहून जाड नको. एक भरगच्च डबा शिजायला दोन अर्ध्या डब्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतो. पाणी गॅसवरच्यापेक्षा कमी लागतं, कारण वाफ फारशी बाहेर जात नाही. वाटीभर तांदळाला दीड ते पावणेदोन वाट्या पुरतात, अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला दोन. थंडीच्या दिवसांत पाणी कोमट करूनच घाला.

मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात माझ्याकडे भाताला दीड तास लागतो, मूगडाळीला तेवढाच, तूरडाळीला दोन, रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्याला अडीच ते तीन. बटाटे आणि रताळी अख्खी, पाण्याशिवाय ठेवायची, दोन तासांत मऊ होतात. थंडीत प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास जास्त धरा.

आणि मध्येच उघडून बघायचं नाही. एकदा झाकण उचललं की पंधरा-वीस मिनिटांची ऊब गेलीच म्हणून समजा. काचेच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमायला लागले की डब्यात उकळी आली, हे बाहेरूनच कळतं. उघडताना आरशासमोर नाही, बाजूला उभं राहायचं, आणि डबा सांडशीने धरायचा. ऊन सौम्य दिसतं, पण पत्रा हात भाजतो.

फोडणी, तळण, पोळी-भाकरी या पेटीत होत नाही, त्याला गॅस हवाच. वरण बाहेर काढून वरून हिंग-जिऱ्याची फोडणी द्यायला दोन मिनिटं लागतात, त्यात काही कमीपणा नाही. भरताचं वांगं छान मऊ होतं, पण खरपूस वास येत नाही. शेवटी क्षणभर जाळावर धरावं. मेथी-पालकाचा रंग काळवंडतो, त्या भानगडीत मी पडत नाही. पेटी खरी खुलते ती भाजण्यात. उपासाच्या आदल्या दिवशी शेंगदाणे उघड्या डब्यात एका थरात पसरून ठेवावेत, मध्ये एकदाच हलवावेत. तास-दीड तासाने एकही दाणा न करपता सगळे सारख्या रंगाचे निघतात. तळहातावर चोळले की सालं भुरकन उडतात. रव्याचंही तसंच, आणि कढईपाशी उभं राहावं लागत नाही.

ढगांचं मात्र गणित ठेवा. अर्धवट शिजलेली डाळ पेटीत कोमट राहिली तर ती आंबते, पोट बिघडवते. तासभर ऊन परतलं नाही की डबे सरळ गॅसवर. राजमा तर मी पेटीत ठेवतच नाही. तो नीट खळखळून उकळला नाही तर बाधतो, म्हणून त्याला शिट्टीचा कुकरच बरा.

जून ते सप्टेंबर पेटीला सुट्टी. आत दमट हवा राहिली तर काचलोकर ओल धरते आणि पुढच्या वर्षी पेटी तापायला वेळ लावते. म्हणून कोरड्या दिवशी उन्हात तापवून, रबराची पट्टी नीट बसतेय ना ते पाहून, आरसा मिटून घरात ठेवा. ताटाचा किंवा डब्यांचा रंग उडाला असेल तर बाहेरून फळ्याचा काळा रंग एक हात द्या.

आरसा एरवीही वापरानंतर लगेच मिटायचा. आमच्याकडे एक बुलबुल त्यातल्या बुलबुलाशी रोज भांडायला येतो, आणि चोची मारून दमला की काचेवर सही करून जातो.