न्यूड पॅलेट घेताय? आधी या चुका टाळा

"ताई, मला आधी साधंच शिकव, ते ब्राउन ब्राउनवालं." माझ्याकडे डोळ्यांचा मेकअप शिकायला येणारी दर दुसरी मुलगी हेच म्हणते. निळा-जांभळा म्हणजे अवघड आणि मातकट म्हणजे सोपं, असा समज कुणी पसरवलाय देव जाणे. निळा जरा इकडेतिकडे झाला तरी लोक म्हणतात, काहीतरी फॅशन केलीय. तपकिरी चुकला तर तो मेकअप वाटतच नाही, आजारपण वाटतं.

हे मी स्वतःवर भोगलंय. पार्लर सुरू करायच्या आधीची गोष्ट. कोल्हापुरात महाद्वार रोडला एका दुकानात १२ शेडचं आयशॅडो पॅलेट, म्हणजे पापणीला लावायच्या रंगांची डबी, दिसलं. पांढऱ्याफटक ट्यूबखाली मनगटाच्या आतल्या बाजूला चार पट्टे ओढले. काय देखणे दिसले! महिन्याचा पॉकेटमनी तिथंच संपला. संक्रांतीनंतर आत्याकडे हळदीकुंकू होतं. त्यातली दुधाळ कॉफीसारखी शेड पापणीभर थापून मी ऐटीत गेले. वाण हातात ठेवता ठेवता आत्या म्हणाली, "काय गं, ताप येऊन गेला काय तुला? डोळं बघ कसं आत गेल्यात." शेजारच्या तिघींनी माना डोलावल्या, एकीनं तर काढाही सांगितला. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, नुसतं काजळ घातलं, तेव्हा कुठं त्यांना बरं वाटलं.

आता कळतं, रंग वाईट नव्हता. मी बघितला चुकीच्या जागी आणि चुकीच्या उजेडात. मनगटाची आतली बाजू तोंडापेक्षा उजळ असते, आणि आपल्यात बऱ्याच जणींच्या पापण्या तोंडापेक्षा सावळ्या. शिवाय हे तपकिरी रंग बनतात मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडांतून, म्हणजे तांबडा, पिवळा आणि काळा. फिकट करायला त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड येते. तांबडा-पिवळा कमी पडला आणि काळा-पांढरा वरचढ झाला, की गव्हाळ कातडीवर तीच शेड राखेसारखी उतरते. डबीत ते कळत नाही.

म्हणून माझी सवय सांगते. टेस्टर थेट पापणीला लावायचा नाही, दिवसभर त्यात किती जणींची बोटं बुडतात ते आठवा. कानाजवळ, गालाच्या कडेला एक बोट ओढायचं, दुकानातून बाहेर पडायचं आणि भवानी मंडपापर्यंत चालत जाऊन पर्समधल्या आरशात उन्हात बघायचं. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

आणि 'न्यूड' या शब्दावर जाऊ नका. २०१० मध्ये अर्बन डिके या मेकअप कंपनीचं 'नेकेड' हे १२ शेडचं पॅलेट आलं, गाजलं, आणि मग तशा पॅलेटची रांगच लागली. पण न्यूड म्हणजे कुणाच्या कातडीचा रंग, हा प्रश्न उरतोच. पॅलेटमधली सगळ्यात फिकट शेड 'बेस' म्हणून पापणीभर लावली की गव्हाळ-सावळ्या रंगावर खडूची पूड दिसते. ती डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात टिकलीएवढी पुरे. पापणीच्या घडीत लावायला आपल्याला हवा तो कोल्हापुरी गुळाचा रंग, पिवळसर-तांबूस. तो ज्या पॅलेटात नाही ते मी हातात घेत नाही, कितीही स्वस्त असो.

दुसरी चूक घाईची, आणि हिच्यावर माझा खास राग आहे. मामेबहिणीचा साखरपुडा होता राजारामपुरीत. बाईसाहेबांनी रील बघून ठरवलं, डोळे माझे मीच करणार. मी पोचले तेव्हा चॉकलेटी रंग भुवईला टेकला होता. "मी दोनदाच ब्रश बुडवलो की गं आक्का!" दोनदाच, पण पहिल्यांदा थेट सगळ्यात गडद शेडमध्ये. मग तो पसरला म्हणून घासला, घासला म्हणून आणखी पसरला. फोटोग्राफर जिन्यात उभा. कापसाच्या काडीला मेकअप रिमूव्हर लावून कडा पुसल्या, त्यावर डाग झाकणारा कन्सीलर थोपटला आणि वीस मिनिटं उशिरा तिला खाली आणली.

गडद शेड शेवटी. आधी गुळाचा रंग मोकळ्या केसांच्या ब्रशनं, ब्रश टोकाला धरून, हलक्या हातानं. ब्रश डबीच्या कडेवर दोनदा झटकायचा, मगच डोळ्याकडे न्यायचा. आणि जागा ठरवताना डोळे उघडे ठेवून समोर बघा. मिटलेल्या डोळ्यावर सुंदर बसवलेला रंग डोळा उघडल्यावर घडीत गडप होतो, आणि मग सगळं खापर पॅलेटवर. 'तीस सेकंदांत स्मोकी आय', म्हणजे धुरकट गडद डोळे, म्हणून चिकटपट्टी लावून कडा काढतात ना, ते माझ्यासमोर करू नका. पापणीची कातडी आधीच पातळ, ती रोज ओढून काय मिळवायचंय?

बाकी किरकोळ. डबीतली ती स्पंजची काडी फेकून द्या. शिमर, म्हणजे चमकीचा रंग, बोटानं छान बसतो, बिनचमकीचा मॅट बोटानं लावला तर ठिगळ दिसतं. डोळे आधी, फाउंडेशन नंतर, म्हणजे गालावर सांडलेली पूड पुसता येते. पापणी तेलकट असेल तर आधी रंग धरून ठेवणारा प्राइमर, नाहीतर दुपारपर्यंत घडीत रेघ पडते.

शेड दगडासारखी झाली, ब्रशला काही लागतच नाही, अशी तक्रार घेऊन मुली येतात. बोटांचं तेल वर बसून पापुद्रा झालेला असतो. चिकटपट्टी लागते ती इथं: वरून हलकी दाबायची, उचलायची, खाली रंग जसाच्या तसा.

आणि आपल्याकडचा पावसाळा. जून ते सप्टेंबर धुतलेला ब्रश रात्रभर आडवा वाळल्याशिवाय पॅलेटला लावू नका. ओल आत गेली की डबीत बुरशी धरते. पॅलेटच्या मागच्या बाजूला उघड्या डबीचं चित्र असतं, त्यावर १२ किंवा २४ आकडा असतो, उघडल्यापासून मोजून तेवढेच महिने ते वापरायचं. मी झाकणाच्या आत पेननं तारीख लिहून ठेवते. आत्याकडे नेलेलं ते पॅलेट मात्र मी सात वर्षं ठेवलं होतं, पैसे गेले होते ना.