लिंबाची कुंडी : खत राहू द्या, आधी भोक बघा

पाऊस तोंडावर आलाय. खताचं नंतर बघू. आज कुंडी तिरकी करा आणि बुडाचं भोक तपासा. मुळांनी किंवा गाळाने बुजलं असेल तर सळई घालून मोकळं करा. खालची ताटली काढा, कुंडी दोन विटांवर चढवा.

मी पाहिलेली बहुतेक मेलेली लिंबं तहानेने नाही, पाण्यात बुडून गेली. पानं पिवळी पडली की माणूस दुकान गाठतो आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची महागडी बाटली घेऊन येतो. मुळंच गुदमरलेली, ती लोह-जस्त उचलणार कशी? आणि बाटली ओतताना वर आणखी पाणी! बुंध्याशी डिंक सुटला की समजा, फायटोप्थोरा बुरशी सालीत शिरली.

तळाला खडीचा जाड थर देऊनही निचरा सुधारत नाही. मातीतलं पाणी खडीच्या वरच अडतं आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे. जमिनीतल्या झाडाचं आळं पावसाळ्यात फोडून टाका, बुंध्याला मातीची भर द्या. मात्र कलमाचा सांधा मातीच्या वरच राहिला पाहिजे.

डिंक्या म्हणजे हाच डिंक सुटण्याचा रोग. त्यासाठी बोर्डो पेस्ट घरी होते. मोरचूद (कॉपर सल्फेट) १०० ग्रॅम आणि चुना १०० ग्रॅम, दोन्ही वेगवेगळे अर्धा-अर्धा लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या भांड्यात. मग एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून पाहा. तांबूस झाला तर चुना वाढवा. डिंक खरवडून त्याच दिवशी लावा.

बाकीची कामं :
- कलमाच्या सांध्याखालचे फुटवे काढणे
- वाळक्या फांद्या छाटणे
- पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी हाताने वेचणे
- पानात नागमोडी रेषा कोरणाऱ्या नागअळीसाठी कोवळ्या पालवीवर ५% निंबोळी अर्क
- खैऱ्या (कँकर) रोगाचे डाग दिसल्यास कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी, लिटरला ३ ग्रॅम

पाणी द्यायचं की नाही, हे बोटाला विचारा. दोन पेरं खोल ओल लागली तर झारी ठेवून द्या. मातीला आंबूस वास आला तर मूळकुज सुरू झाली असं मी धरतो. हा माझा अंदाज, पण क्वचितच चुकलाय.

झड लागली आणि कुंडीच्या तोंडाशी पाणी तुंबलेलं दिसलं, तर विचार करत बसू नका. कुंडी सरळ आडवी करून ठेवा, पाऊस उघडेपर्यंत.