लिसाच्या त्रिकोणाच्या कक्षा मांडताना या चुका टाळा

अवकाशातून गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लिसा मोहिमेतील तीन यानांचा २५ लाख किलोमीटर भुजेचा त्रिकोण पृथ्वीच्या सुमारे २० अंश मागे राहून सूर्याभोवती फिरणार आहे. यानांवरील मायक्रोन्यूटन थ्रस्टर, म्हणजे अतिशय हलका रेटा देणारी छोटी इंजिने, हा त्रिकोण सांभाळतात, हा समज आधी सोडावा. सूर्यप्रकाशाच्या दाबाने यान आतल्या मुक्तपणे तरंगणाऱ्या ठोकळ्यांपासून (लेसरने अंतर मोजले जाते ते यांच्यातले) ढळू नये, एवढेच त्यांचे काम असते. त्रिकोण टिकतो तो सुरुवातीला निवडलेल्या कक्षांमुळे.

सर्वांत महाग पडते ती तिन्ही कक्षांच्या अर्धदीर्घाक्षांतील (लंबवर्तुळाच्या लांब अक्षाच्या निम्म्या लांबीतील) तफावत. आरंभीच्या वेगात, कक्षेच्या दिशेने, सेकंदाला अवघ्या एक मीटरची चूक झाली तर अर्धदीर्घाक्ष सुमारे १०,००० किलोमीटरने बदलतो आणि ते यान वर्षाला जवळजवळ ९५,००० किलोमीटर सरकते. त्रिकोण वर्षागणिक विस्कटत असेल, तर पृथ्वी व इतर ग्रह वगळून कक्षांचे तेच संगणकीय सिम्युलेशन पुन्हा चालवावे. भुजा दर वर्षी मूळ लांबीवर परतल्या तर विस्कटण्याचे कारण ग्रहांच्या, मुख्यतः पृथ्वीच्या, ओढीत आहे. न परतल्या तर ते आपल्याच आकड्यांत शोधावे.

त्रिकोणाचा कल पृथ्वीच्या कक्षाप्रतलाशी नेमका ६० अंश ठेवणे ही पाठ्यपुस्तकी सवय आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील संजीव धुरंधर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की, हा कल किंचित बदलल्यास भुजांचे कमाल आकुंचन-प्रसरण सुमारे १,१५,००० किलोमीटरवरून ४८,००० किलोमीटरवर येते. मात्र हे आकडे तेव्हाच्या ५० लाख किलोमीटर भुजेचे असून त्यांत पृथ्वीची ओढ धरलेली नाही, त्यामुळे ते जसेच्या तसे उचलू नयेत. निव्वळ कक्षांमुळे होणारे हे आकुंचन-प्रसरण भुजेच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, पृथ्वीचा परिणाम मात्र केवळ भुजेच्या प्रमाणात. म्हणून आजच्या लहान त्रिकोणात पृथ्वीचा वाटा तुलनेने मोठा ठरतो.

केवळ भुजेची लांबी तपासून थांबणेही चुकीचे आहे; ती किती वेगाने बदलते हेही पाहावे. १०६४ नॅनोमीटरच्या लेसरला सेकंदाला एक मीटर सापेक्ष वेगामागे सुमारे ०.९४ मेगाहर्ट्झ डॉप्लर सरक (वेगामुळे वारंवारतेत पडणारा फरक) येते आणि सापेक्ष वेग फार वाढला तर लेसरची कला मोजणाऱ्या फेजमीटरची मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

शेवटची चूक निव्वळ संगणकाची आहे. सूर्यापासूनचे अंतर मीटरमध्ये डबल प्रिसिजनने (संगणकाच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या दशांश संख्येत) साठवले, तर लगतच्या दोन संख्यांतच सुमारे ३० मायक्रोमीटरचे अंतर पडते. अशा दोन स्थानांच्या वजाबाकीतून गुरुत्वीय लहरींचा पिकोमीटरचा (मीटरच्या एक लाख कोटीव्या भागाचा) संकेत कसा मिळणार? तो कक्षेच्या गणितापासून वेगळाच हाताळावा लागतो.